शुक्रवारच्या पिशव्या

दारव्ह्यात माझ्या आईची आठवण असलेली जी थोडी माणसं आता उरली आहेत, ती तिला चोरून पाहणारी बाई म्हणून ओळखतात. आईने आयुष्यात कधी चोरून पाहिलं नाही. पाहिलं मी. पाहिलेलं जीपच्या अड्ड्यावर चार पोरांत बोललो तोही मी. आणि तुला कोणी सांगितलं असं विचारल्यावर आईचं नाव घेतलं, तेही मीच. एवढंच आहे सगळं. पण एवढं लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तोवर आई निघून गेली होती.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबा पेणकडचे. कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फिटर म्हणून दारव्ह्याला आले आणि तिथेच राहिले. गावात आमच्या लोकांची घरं तीन. प्रार्थना मांडायची तर दहा पुरुष लागतात. आम्ही कधी चाराच्या वर गेलो नाही, तेही मला धरून. लोकांना आमचा उलगडा होत नसे. माझा मित्र सुधाकर, त्याचे वडील वानखडे बाबूजी म्हणायचे, "या डॅनियलचं नाव किरिस्तावाचं, बापाची टोपी मुसलमानाची, मायची बोली कोकणातली, अन् भाकर पक्की वऱ्हाडी." आई हे ऐकून हसायची. घरात आम्ही मला-तुला म्हणत असू आणि उंबरा ओलांडला की मले-तुले. या दोन बोलींत मी इतका सहज जायचो-यायचो की आपण दोन माणसं आहोत हे मला कधी खटकलंच नाही.

घर कारखान्याच्या चाळीत, टोकाचं. हंगामात जिनिंगचा आवाज रात्रंदिवस भिंतीतून येत राहायचा आणि कापसाचे तंतू पाण्याच्या माठावरच्या फडक्यालाही चिकटायचे. मग ती वर्षं आली. कापसाला भाव नाही, खरेदी केंद्रं उघडत नाहीत, उघडली तर विकलेल्या मालाचे चुकारे वेळेवर नाहीत. शेतकऱ्यांवर काय गुदरलं ते पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्या गावातल्या दुसऱ्या माणसांबद्दल सांगतो आहे, जी कापूस पिकवत नव्हती पण कापसावरच जगत होती. हमाल, काटेवाले, गाठी बांधणारे, गोणपाट शिवणाऱ्या बाया, चहावाले. वानखडे बाबूजी खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाची चिमूट बोटांत धरून, ओढून, धाग्याची लांबी सांगायचे, आणि त्या बोटांना सवय अशी जडली होती की बोलता बोलता सदऱ्याची, सतरंजीची, कशाचीही दशी ओढून पाहायचे. केंद्र बंद झालं. त्यांना घरी बसवलं. तरी ते रोज इस्त्रीचा सदरा घालून दहाला बाहेर पडायचे आणि पाचला परतायचे. मधल्या वेळात कुठे बसायचे, कोणालाच ठाऊक नव्हतं.

आईची कोठी त्याच वर्षांत मोठी झाली. मुळात ती एक बाजूची खोली होती, पत्र्याच्या पेट्या आणि मोडका पाळणा ठेवायची. ठाण्यात माझा मामा होता आणि तिथे आमच्या लोकांची वस्ती. तिथली मंडळी आपापल्या घरातून तांदूळ, डाळ, साखर, तेल काढून ठेवायची, आणि यवतमाळकडे रिकामा परतणारा एखादा ट्रक ती पोती आमच्या दारात उतरवून जायचा. गावातल्या आमच्या दुसऱ्या दोन घरांतून ज्वारी आणि तूर यायची. कोणी याला दान म्हटलं की आई चिडायची. "दान राजाने करावं. हे आपल्या घरात चुकून आलेलं दुसऱ्याचं धान्य आहे," म्हणायची. शिजवलेलं ती कधी देत नसे. शिजवलेलं दिलं की लोक जात विचारतात, आणि उपाशी माणसाला जात आठवायला लावणं तिला बरं वाटत नसे.

वाटपाची रीत तिने तिच्या आजीकडून उचलली होती. उशांच्या जुन्या खोळी कापून तिने एकसारख्या पिशव्या शिवल्या होत्या, पांढऱ्या, निळ्या पट्टीच्या. शुक्रवारी दुपारी, आमचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सूर्यास्ताला लागायच्या आधी, मागच्या पडवीच्या भिंतीवर खिळ्यांना त्या भरून टांगायच्या आणि मागचं फाटक उघडं टाकायचं. ज्याला हवी त्याने यावं, एक पिशवी उतरवावी, गेल्या खेपेची धुऊन आणलेली त्या खिळ्याला अडकवावी आणि जावं. नाव नाही, वही नाही, चौकशी नाही. आणि त्या दोन तासांत घरातल्या प्रत्येकाने पडवीकडे पाठ करून बसायचं. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडायची. बाबा पुढच्या ओट्यावर. मी अभ्यासाला, तोही भिंतीकडे तोंड करून. रेडिओ मोठा लावलेला असायचा, कारण दारव्ह्यात माणूस खोकल्यावरूनही ओळखू येतो. आपण कोणाला दिलं हे देणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की उद्या बाजारात तो समोर आल्यावर आपली नजर बदलते, असं ती सांगायची. सगळ्या पिशव्या लवकर गेल्या की पुढच्या आठवड्यात बाबा कुरकुरत एक खिळा वाढवायचे. मी दहावीत असताना चार खिळे होते. बारावीत अकरा झाले.

रिकाम्या पिशव्या कधी अगदी रिकाम्या परत येत नसत. कुणी अंबाडीची जुडी, कुणी मूठभर बोरं, कुणी उंबराची चार पानं, काही नाही म्हणून. हे आईने कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकांनी आपापसात ठरवलं असावं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर हे आमचं शुक्रवारचं रात्रीचं जेवण त्या जुड्यांमुळेच ठरून गेलं. आधी आई काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल घालून वात लावायची. बाबा टोपी चढवून काळ्या मनुकांच्या पाण्याचा पेला हातात धरायचे आणि हिब्रूत आशीर्वाद म्हणायचे. सूर त्यांना अजिबात नव्हता. ते फार मनापासून आणि फार बेसूर गायचे. मला अजून तो आवाज ऐकू येतो आणि अजूनही तो बेसूरच असतो.

या जेवणाला बाहेरचा एकच माणूस बसलेला आहे, सुधाकर. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. त्याला बाबांचं गाणं ऐकायचं होतं, म्हणून मी त्याला एका शुक्रवारी थांबवून घेतलं. तो डोळे मोठे करून शांत बसला होता. जाताना आईच्या पाया पडला. आई नंतर म्हणाली, "चांगला मुलगा आहे. घर सांभाळील."

त्यानंतरचा एक शुक्रवार. रेडिओवर कुठलंसं भजन चाललेलं, आणि मध्येच लाईन गेली. सगळं घर एकदम मुकं झालं. त्या शांततेत पडवीत बांगड्या वाजल्या. आईने तत्काळ मोठ्या आवाजात गुणगुणायला सुरुवात केली, आपल्या कानांवर आपलाच पडदा टाकल्यासारखी. आणि मी मागे वळलो. दाराच्या फटीतून पाहिलं. सुधाकरची आई होती, शांताकाकू. हिरवं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. पिशवी उतरवून तिने तोंड सैल केलं, आत हात घातला, तांदळाचा वास घेतला आणि क्षणभर डोळे मिटले. मग आपल्या धुतलेल्या पिशवीत तीन लिंबं घालून ती खिळ्याला लावली. ती लिंबं तिच्या दारातल्या झाडाची होती. त्या झाडावर मी लहानपणी चढलो होतो.

मी कोणाला बोललो नाही. पण पुढचं सांगितल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. ते ठाऊक असण्यात मला बरं वाटायला लागलं. गणितात सुधाकरला जास्त गुण पडले, व्हॉलीबॉलमध्ये कप्तान तो झाला, की मी मनातल्या मनात ती पिशवी काढून पाहायचो. त्याच्या घरी गेलो की काकू म्हणायच्या, "बस रे डॅनी, भात खाऊन जाय. माह्या भावानं मारेगाववरून तांदूळ धाडले." बाबूजी समोर बसून मान डोलवायचे. त्यांना ते खरंच वाटत होतं. मी तो भात खाल्ला. चव ओळखली. गप्प राहिलो, आणि या गप्प राहण्याबद्दल स्वतःला मोठा माणूस समजत होतो.

बारावीचे पेपर झाले तेव्हाची गोष्ट. यवतमाळला कुठलासा फॉर्म आणायला आम्ही पाच-सहा जण जाणार होतो. मी जीपच्या अड्ड्यावर उशिरा पोहोचलो. पोरं पानठेल्यामागे घोळका करून उभी होती आणि हसून लोळायची बाकी राहिली होती. मधोमध सुधाकर. डोक्यावर रुमाल, हातात पाण्याचा पेला वर धरलेला, आणि तो गात होता. बाबांचाच बेसूर, बाबांचीच मान, शेवटी बाबा जरा श्वास घेऊन थांबतात तेही तसंच. फार हुबेहूब करत होता. एकदाच ऐकलं होतं त्याने, पण किती नीट ऐकलं होतं.

"अबे, अजून एक डाव कर ना!" कुणीतरी म्हणालं.

सुधाकरने मला पाहिलं आणि रुमाल ओढून काढला. "डॅनी, मजाक चालू आहे यार. नाराज नको होऊ."

एरवी आम्ही एकमेकांच्या बापांवर पुष्कळ हसलो होतो. पण मी त्याला आमच्या दिव्यापाशी बसवला होता. दुसऱ्या कोणाला कधी बसवलं नव्हतं. जे महिनोन्महिने जपून ठेवलं होतं ते माझ्या हातात आयतं आलं.

"ज्याची नक्कल करून राह्यला ना, त्याच्याच घरचे तांदूळ खाता तुम्ही," मी म्हणालो. "मारेगावचा मामा नाही अन् फामा नाही. तुही माय येते दर शुक्रवारी आमच्या मांगच्या दारानं, पिशवी घ्याले."

जीपवाला "यवतमाळ, यवतमाळ, दोन सीट" ओरडत होता.

"झूट बोलून राह्यला तू."

"घरी जाऊन पाय. उशीच्या खोळीची पिशवी आहे. निळी पट्टी."

त्या पोरांत एक हमालाचा होता. त्याने खाली पाहिलं. त्याच्या घरीही निळी पट्टी असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सुधाकर जवळ आला. मारेल असं वाटलं. पण त्याने हळू आवाजात विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

मी पाहिलं असं म्हटलं असतं तर मी फटीतून बाया पाहणारा ठरलो असतो. पोरांसमोर ते मला नको होतं. एवढ्याच कारणासाठी मी म्हणालो, "आईनं."

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी वानखडे बाबूजी पुढच्या दाराने आले. हातात दोन पिशव्या, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेल्या. शनिवारी आमच्याकडे चूल पेटत नसे, त्यामुळे आईला त्यांच्यापुढे चहासुद्धा ठेवता येईना. ते बसलेही नाहीत. त्यांनी घडी ओट्यावर ठेवली आणि सवयीने पिशवीच्या काठाची एक दशी ओढायला लागले.

"बाई, तुम्ही देल्लं त्याचं मले दुःख नाही," ते म्हणाले. "देनाऱ्याचा राग नाही करत कोनी. पन तुम्ही पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, पोराजवळ बोलल्या. माह्या पोरानं ते चौकात ऐकलं. हे काहून केलं तुम्ही? आम्ही काय केलतं तुमचं?"

आईला काहीच कळलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या आत उभा होतो, आणि माझी नजर जमिनीवर गेली. तेवढ्यात तिला सगळं समजलं. मला ते तिच्या श्वासावरून कळलं.

"हो बाबूजी," ती म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली. मीच पाहिलं."

"राहेल!" बाबा म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार पावलं आणि दोन शब्द. बाबूजी फाटकाबाहेर जाईपर्यंत वेळ होता. ते कोपऱ्यावर वळेपर्यंतही होता. खरं तर पुढची पंचवीसेक वर्षं वेळच वेळ होता.

पुढच्या शुक्रवारी आईने नेहमीप्रमाणे अकरा पिशव्या टांगल्या, रेडिओ लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी आलं नाही. ऊन पडवीतून सरकलं तरी पिशव्या तशाच. फाटक वाऱ्याने एकदा वाजलं तेव्हा आईची बोटं ताटलीत थबकली, मग पुन्हा निवडू लागली. दुसऱ्या शुक्रवारी तिने सातच टांगल्या, तिसऱ्या शुक्रवारी तीन. चौथ्याला मुंग्या लागल्या. तिने तांदूळ परत पिंपात ओतले आणि मामाला कळवलं की आता पोती नकोत. पिशव्या नेणारी किती घरं त्या उन्हाळ्यात अर्ध्या पोटी झोपली ते मला माहीत नाही, कारण ती घरं कोणती हे आम्हाला माहीत नव्हतंच. एकच माहीत होतं. पुढच्या हंगामात एका सकाळी मी वेचणीच्या बायांनी भरलेला टेम्पो पाहिला, आणि त्यात फळीला धरून शांताकाकू उभ्या होत्या. ग्रेडरची बायको. त्यांनी मला पाहून पदर ओढला नाही. सरळ पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

आई मला रागावली नाही. तेच अवघड गेलं. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, ताप आला की कपाळावर हात ठेवायची. फक्त पूर्वी दिवसभर माझ्याशी जे काहीबाही बोलत असायची, ते थांबलं. एकदाच विषय निघाला. दारफळणीचा सण होता. आमच्यात त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून उपास करतात आणि वर्षभराच्या पापांची क्षमा मागतात. मी कोपऱ्यात बसून रडत होतो. आई जवळ आली. "देवाला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "त्याचं तू काय बिघडवलंस? ज्यांचं बिघडवलंस ते घर गल्लीच्या टोकाला आहे."

मी गेलो नाही. मामाकडे ठाण्याला शिकायला गेलो. वानखडे मारेगावला गेले असं कानावर आलं. जिनिंग बंद पडलं आणि आई-बाबाही ठाण्यात आले. आता इथे ठाण्यात आमच्या लोकांची धान्याची अशी खोली आहे, रीतसर, कार्ड असतं, सही घेतात. मीही तिथे रविवारी पाकिटं भरतो. लोक मला भला माणूस म्हणतात, आणि मी कोणाला अडवत नाही. हीही एक प्रकारची चोरीच आहे.

गेल्या वर्षी, दारफळणीच्या आठ दिवस आधी, मी मारेगावला गेलो. सुधाकरचं बियाणं-खताचं दुकान शोधायला फार वेळ लागला नाही. त्याने चष्मा वर करून पाहिलं. "डॅनी? अबे, पुरं टक्कल पडलं तुले." हसला, पण खुर्चीतून उठला नाही. बाबूजी वारल्याचं सांगितलं. मी काकूंना भेटायला आलो आहे म्हटल्यावर त्याचं हसू गेलं. थोडा वेळ त्याने काउंटर पुसला. मग म्हणाला, "मांगं बसली आहे. जास्त वेळ नको घेऊ, तिले दम लागते."

काकू मागच्या अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. खूप लहान झाल्या होत्या. मी नाव सांगितलं.

"राहेलबाईचा पोरगा?" सूप थांबलं. "कशी हाय तुही माय?"

"गेली, काकू. सहा वर्षं झाली."

"मले नाही सांगतलं कोनी." त्यांनी सूप खाली ठेवलं. "बस. उभा कायले हायेस?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. लाईन गेली तिथपासून, दाराच्या फटीपासून, जीपच्या अड्ड्यापर्यंत. सुधाकरने काय केलं होतं ते तेवढं सांगितलं नाही. तो दाराशी येऊन उभा राहिलेला मला दिसला होता.

"म्हंजे तिनं नाही पायलं?" काकू म्हणाल्या.

"नाही. कधीच नाही."

"मंग ते तीन डाव माह्या दारी काहून आली?"

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यात सणाच्या आधी, ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन माफी मागतात. त्याने नाकारली तर पुन्हा जातात. तीनदा. आई गेली होती. माझ्या वतीने, माझ्या जागी, मला न सांगता.

"पहिल्या डावानं मी दार नाही उघडलं," काकू सांगत होत्या. "दुसऱ्या डावानं दारातूनच धाडली वापस. तिसऱ्या डावानं उन्हाची आली. घामानं भिजेल होती. मी म्हटलं, बाई, ज्या डोयानं पायलं त्या डोयात माती पडो तुह्या. ते हात जोडून उभी राह्यली, अन् गेली." त्यांचा आवाज चढला. "पानी नाही देल्लं रे मी तिले! काई बोलली नाही ते. एका शब्दानं नाही म्हटलं का माहं पोरगं होतं म्हणून. आता हे म्या कुठी नेऊन टाकू? तू इतक्या वर्सानं येऊन मले हे सांगून राह्यला. कोनाची माफी मांगून राह्यला तू? माही का तिची?"

वाटेत मी वाक्यं जुळवली होती. चांगली होती. त्यातलं एकही आठवेना. मी खाली मातीत बसलो, त्यांच्या पायांवर हात ठेवले आणि जे आलं ते बोललो.

"दोघींचीबी, काकू. मी तुमाले चौकात उघडं पाडलं, अन् मायच्या मांगं लपलो. ते माती माह्या डोयाची होती, तिनं घेतली. चूक माही होती. मले माफ नका करू वाटलं तर. पन तिनं तीन डाव जे माफी मांगली, ते तिले द्या."